मध्ययुगीन चित्रांवरून टॅरोचा कॅट करायचा असेल तर

प्रश्न एका चित्रकर्तीचा आहे. युरोपातल्या मध्ययुगीन चित्रांच्या धर्तीवर त्या अठ्ठ्याहत्तर पानांचा टॅरो, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात तो पत्त्यांचा कॅट, करतायत. पाच पानं झाली. मागे सोनेरी रंग, वर तडे गेल्याचा भास, खाली गॉथिक वळणाच्या अक्षरांत नाव, सगळं केलं. तरी बघणारे म्हणतात की नेहमीच्याच टॅरोला फिल्टर लावल्यासारखं दिसतं. काय कमी पडतंय, खरं सोनं वापरावं का, मायनर अर्कानाच्या, म्हणजे चषक, नाणी, तलवारी आणि दंड या चार चिन्हांच्या छप्पन्न पानांचं काय करायचं आणि असा कॅट वाचनाला, म्हणजे भविष्य सांगायला, चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

बघणारे बरोबर बोलतायत. रंगात किंवा टेक्स्चरमध्ये खोट नाही, ती खाली रेखाटनात आहे. तुमचा एकांतवासी, म्हणजे हर्मिट, बर्फाळ कड्यावर कंदील धरून उभा आहे. मृत्यू चिलखत घालून पांढऱ्या घोड्यावर बसलाय. वेडा कड्याच्या टोकाला पोचलाय आणि पायाशी पांढरं कुत्रं आहे. ही सगळी मांडणी पामेला कोलमन स्मिथची. ए. ई. वेट यांच्या सांगण्यावरून तिने चित्रं काढली आणि लंडनच्या रायडर प्रकाशनाने १९०९ च्या डिसेंबरात तो कॅट विकायला आणला. आज आपल्याकडे टॅरो शिकणारे बहुतेक सगळे त्याच चित्रांवर शिकतात, त्यामुळे ती डोक्यात इतकी घट्ट बसतात की आपण ती उचलतोय हेही लक्षात येत नाही. कायद्याने ती उचलायला हरकत नाही. स्मिथ १९५१ साली वारली, आपल्याकडचा साठ वर्षांचा स्वामित्वहक्क कधीच संपला. पण १९०९ च्या माणसांना १४५० चे कपडे घातले की ती मध्ययुगीन होत नाहीत. नाटकातली दिसतात.

तेव्हा तो कॅट काही महिने कपाटात ठेवा आणि इटलीतल्या मिलानच्या पानांकडे जा. टॅरोची सर्वांत जुनी हाती आलेली पानं तिथली, विस्कोन्ती आणि स्फोर्झा या ड्यूक घराण्यांसाठी हाताने रंगवलेली. त्यातला जवळजवळ पूर्ण म्हणावा असा कॅट १४५० च्या आगेमागे झाला असावा. फ्रांचेस्को स्फोर्झा त्याच वर्षी मिलानचा ड्यूक झाला. बायको बियांका मारिया ही आधीच्या ड्यूकची, फिलिप्पो मारिया विस्कोन्तीची मुलगी. चित्रकार म्हणून सहसा क्रेमोनाच्या बोनिफाचिओ बेम्बोचं नाव घेतात. चौऱ्याहत्तर पानं उरली आहेत आणि ती तीन ठिकाणी वाटली गेली आहेत: पस्तीस न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, सव्वीस बेर्गामोच्या अकादेमिया कार्रारात, तेरा बेर्गामोच्याच कोल्लेओनी कुटुंबाकडे. त्याहून थोडा जुना धरला जाणारा सदुसष्ट पानांचा एक संच येल विद्यापीठाच्या बायनकी ग्रंथालयात आहे, आणि अठ्ठेचाळीस पानांचा एक मिलानच्या ब्रेरा चित्रसंग्रहालयात. मॉर्गन आणि येलच्या पानांची मोठी छायाचित्रं त्यांच्या संकेतस्थळांवर पाहता येतात. पाहताना समोर कोरा कागद ठेवा आणि प्रत्येक पानासाठी एवढंच लिहा: हातात काय आहे, पायाखाली काय आहे, अंगावर काय आहे.

असं करायला लागलात की गंमत कळते. मॉर्गन-बेर्गामोच्या कॅटात एकांतवासी म्हाताऱ्याच्या हातात कंदील नाहीच, वाळूचं घड्याळ आहे. तो म्हणजे काळ, सरणारा वेळ. मृत्यू पायी उभा आहे, हाडांच्या हातात धनुष्य आणि बाण. रथात बाई बसली आहे आणि रथाला पंख असलेले दोन पांढरे घोडे जुंपलेत. तारका म्हणजे तारा उंच धरलेली एक बाई, चंद्र म्हणजे कोर धरलेली दुसरी. बाईने सिंहाचा जबडा धरलेलं तुमचं पान मात्र जुन्याला धरून आहे. येलच्या संचात ताकदीचं चित्र तसंच आहे. मॉर्गनच्या संचात त्या जागी सोटा उगारलेला पुरुष सिंहावर तुटून पडलाय. मृत्यूचा घोडाही येलला आहे, पण तिथे सांगाड्याच्या हातात कोयता आहे आणि घोडा माणसांना तुडवत चाललाय. म्हणजे तुमचा घोडा राहू द्या, चिलखत आणि झेंडा काढा.

वेड्याचं पान तर नीट थांबून बघण्यासारखं आहे. फाटके पांढरे कपडे, केसांत खोचलेली पिसं, खांद्यावर सोटा, नजर हरवलेली. कडा नाही, कुत्रं नाही, प्रवासाची झोळी नाही. हा माणूस कुठेही निघालेला नाही. आता इटलीतल्याच पाडुआला चला. जिओत्तो या चित्रकाराने १३०५ च्या सुमारास तिथल्या स्क्रोवेन्यी प्रार्थनागृहाच्या भिंतींवर खालच्या पट्टीत सात सद्गुण आणि सात दुर्गुण करड्या रंगात काढलेत, दगडातून कोरल्यासारखे. त्यातला 'मूर्खपणा' बघा: डोक्यावर पिसांचा मुकुट, हातात सोटा. दीडशे वर्षांनी बेम्बोच्या पानावर तोच माणूस उतरलाय. तुम्हाला हवं ते 'मध्ययुगीन' इथे आहे. चित्रकाराने वेडा स्वतःच्या मनातून काढलेला नाही. वेडा कसा ओळखायचा हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि त्याने तेवढंच नेमकं दाखवलं.

कटेवर हात आणि पायाखाली वीट दिसली की खाली 'विठ्ठल' लिहावं लागत नाही, तसं. त्या काळच्या ख्रिस्ती चित्रात संत कॅथरिन तिच्या चाकावरून ओळखायची, पीटर किल्ल्यांवरून, न्याय तलवार आणि तराजूवरून. चेहरा बहुतेकांचा सारखाच असतो. भाव चेहऱ्यावर नसतो, वस्तूत आणि हाताच्या ठेवणीत असतो. तुमच्या पाचही पानांत चेहरे फार बोलतात. एकांतवासी विचारात बुडालाय, वेडा स्वप्नाळू हसतोय. हे विसाव्या शतकातल्या पुस्तकचित्रांचं वळण आहे. चेहरे शांत करा, जवळजवळ कोरे. पापण्या जड, ओठ मिटलेले. जे सांगायचंय ते हातात द्या.

आणि खालची नावं काढून टाका. मिलानच्या पानांवर ना नाव आहे ना आकडा. हे मुळात खेळायचे पत्ते होते, खेळणाऱ्यांना क्रम पाठ असायचा, आणि गावागावाप्रमाणे तो थोडा वेगळाही असायचा. गॉथिक अक्षरांतली नावं दिसायला जुनी, पण हाताने रंगवलेल्या पानांवर ती नव्हतीच. वाचनासाठी आकडा लागतोच म्हणाल, तर कोपऱ्यात बारीक रोमन आकडा द्या.

नशिबाच्या चाकावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला विचाराल तर हेच पान आधी करायला घ्यावं. मधोमध पंख असलेली, डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई. चाकाला चार माणसं. चढणारा, वर बसलेला, उतरणारा आणि तळाशी रांगणारा म्हातारा. प्रत्येकाशेजारी लॅटिनमधली एकेक पट्टी: मी राज्य करीन, मी राज्य करतोय, मी राज्य केलं, माझ्याकडे राज्य नाही. चढणाऱ्याला आणि वर बसलेल्याला गाढवाचे कान आहेत, उतरणाऱ्याला शेपूट फुटलंय, आणि धड माणूस उरलाय तो फक्त तळाचा म्हातारा. ड्यूकच्या घरात, ड्यूकच्या पैशांनी काढलेलं हे चित्र, आणि सिंहासनावरच्याला गाढवाचे कान! तुम्ही हे पान काढाल तेव्हा चाकाभोवती ढगांत बसलेले बैल, गरुड, सिंह आणि देवदूत टाकू नका. ते १९०९ च्या पानातून येतात. चार माणसं आणि चार पट्ट्या पुरेत. पट्ट्यांवरची अक्षरं मराठीत घालायची असतील तरी घाला. मध्ययुगीन चित्रकाराला अक्षर चित्रात घालायचा संकोच नव्हता, फक्त ते कुणाच्या तरी तोंडचं असायचं.

उलटा टांगलेला माणूस हाही असाच. आज वाचनात त्याचा अर्थ शरणागती, नवी दृष्टी, थांबून पाहणं असा लावतात. १९०९ च्या पानात डोक्यामागे तेजोवलयही आहे. इटलीतल्या त्या काळच्या माणसाला मात्र त्यात एकच गोष्ट दिसायची: गद्दार. फितूर, दिवाळखोर, पळून गेलेल्या बंडखोरांची चित्रं सरकारी इमारतींच्या भिंतींवर रंगवायची तिथे रीतच होती, आणि ती बरेचदा एका पायाने उलटी टांगलेली असायची. माणूस हाती लागला नाही तर त्याच्या चित्राला टांगायचं. १४४० मध्ये आंगियारीच्या लढाईनंतर फ्लोरेन्सने आंद्रेआ देल कास्तान्यो या तरुण चित्रकाराकडून बंडखोरांची अशी चित्रं काढून घेतली, आणि त्याला 'टांगलेल्यांचा आंद्रेआ' हे नाव चिकटलं ते कायमचं. आणखी एक: फ्रांचेस्को स्फोर्झाच्या बापाला, मुत्सिओ आत्तेन्दोलोला, १४१२ मध्ये पोप म्हणवणाऱ्या तेविसाव्या जॉनने असंच रोमच्या पुलांवर आणि वेशींवर उजव्या पायाने टांगलेला रंगवला होता. मुलाच्या कॅटात ते पान आलं तेव्हा घरात कुणाला बापाची आठवण झाली असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सतरा पानांचा एक संच आहे (राजा सहाव्या चार्ल्सचा म्हणून तो ओळखला जातो, पण तो पंधराव्या शतकातला आणि इटलीतला आहे). त्यात टांगलेल्याच्या दोन्ही हातांत पैशांच्या थैल्या आहेत. पैशांसाठी येशूशी गद्दारी करणारा ज्यूडास आठवावा म्हणून. तुमच्या पानात वलयाऐवजी त्या थैल्या आल्या तर वाचणाऱ्याला अर्थ नव्याने लावावा लागेल, आणि तसा तो लावावाच.

पोप-बाईच्या पानाबद्दल एक गोष्ट तुमच्या वाचनात येईलच, म्हणून आधीच सांगतो. तपकिरी जोगिणीचा वेश, डोक्यावर पोपचा तीन थरांचा मुकुट, हातात पुस्तक आणि क्रूसाचा दंड. न्यूयॉर्कच्या गर्ट्रूड मोकली यांनी १९६६ मध्ये मांडलं की ही मायफ्रेदा दा पिरोवानो असावी: विस्कोन्तींच्या नात्यातली, एका पंथाने पोप म्हणून निवडलेली आणि १३०० मध्ये जाळलेली. गोष्ट जबर आहे. पण दीडशे वर्षांनी ड्यूकने पाखंडी ठरलेली पूर्वज खेळायच्या पानावर रंगवून घ्यावी, हे मला पटायला जड जातं. जिओत्तोची 'श्रद्धा' पाडुआला त्याच भिंतीवर क्रूसाचा दंड घेऊन उभी आहे, आणि मला ती जवळची वाटते. कॅटाबरोबर पुस्तिका देणार असाल तर मायफ्रेदाची गोष्ट 'असं म्हणतात' या शब्दांत द्या, वस्तुस्थिती म्हणून नको.

सैतान आणि मनोरा ही दोन पानं मॉर्गन-बेर्गामोच्या कॅटात नाहीत. तिथे गहाळ असलेली बाकीची दोन म्हणजे तलवारींची तिर्री आणि नाण्यांचा घोडेस्वार. मनोरा पॅरिसच्या त्या सतरा पानांत सापडतो. सैतान हाताने रंगवलेल्या पंधराव्या शतकातल्या पानांत कुठेच उरलेला नाही, त्यामुळे इथे तुम्हाला मोकळं रान आहे. जिओत्तोच्या पाडुआच्या अंतिम निवाड्यातला ढेरपोट्या निळसर सैतान किंवा फ्लोरेन्सच्या बाप्तिस्मागृहाच्या छतावरचा, कानांतून साप निघालेला, माणसं खाणारा सैतान समोर ठेवा. साखळीने बांधलेलं जोडपं आणि कपाळावरची चांदणी ठेवू नका.

आता सोनं.

मिलानच्या पानांवर राजघराण्याच्या (राजा, राणी वगैरे) आणि हुकमाच्या (मृत्यू, रथ, चाक वगैरे) पानांची पार्श्वभूमी सोन्याच्या वर्खाची आहे, आणि वर्ख नुसता चिकटवलेला नाही. त्यावर बोथट टोकाने दाबून चौकटींची जाळी उठवली आहे, आणि चौकटींत सूर्यकिरणांची नक्षी. सोनं सपाट असेल तर एका कोनातून झगझगतं आणि दुसऱ्या कोनातून काळं पडतं. खळगे असले की पान हलवताना कुठलं तरी टिंब चमकतंच राहतं. मेणबत्तीच्या उजेडात, हातात धरलेल्या पानाचा विचार करून हे केलंय. तुमच्या पानांवर सपाट सोनेरी रंग आहे म्हणून ते भिंतीच्या डिस्टेंपरसारखं दिसतं. खरं सोनं लावा अगर न लावा, नक्षी हवीच.

खरं लावायचं ठरवलंत तर रीत चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराने १४०० च्या सुमारास लिहून ठेवली आहे आणि आजही तीच चालते. जाड पुठ्ठा किंवा लाकडाची फळी, त्यावर सरस आणि खडूच्या भुकटीचं अस्तर, घासून गुळगुळीत. त्यावर बोल नावाच्या मऊ तांबड्या मातीचे पातळ थर. ओलसर करून वर्ख. मग अकीकाच्या दगडाने घोटणं. साधा गेरू बोलच्या जागी चालत नाही, कण जाडे असतात आणि घोटताना ओरखडे उठतात. अकीक खंबातचा मिळतो, चांगला मिळतो. खरी कसोटी हवेची. मुंबई-कोकणात जुलैमध्ये बोल वाळतच नाही, दगड फिरवला की वर्ख सोलून येतो. नागपूरला मेमध्ये उलटं: श्वासाची वाफ दिली आणि वर्ख उचलेपर्यंत ती उडून गेलेली असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. दगड टेकवायच्या आधी बोटाच्या नखाने कोपऱ्यात हलकेच टकटक करून बघा. टणक आवाज आला तर घोटा, बोदा आला तर थांबा. मिठाईचा चांदीचा वर्ख वापरू नका, तो फार पातळ असतो आणि काळा पडतो. पितळेचा वर्ख स्वस्त आहे, पण वरून वॉर्निश नसेल तर हिरवटतो, आणि वॉर्निश दिलं की सोन्याचा थंड तजेला जातो. तंजावर चित्रांसाठी मिळणारा सोन्याचा पत्रा जाड असतो आणि घोटायला साजेसा नसतो.

चेन्नीनीचं पुस्तक कोरडं असेल असं समजू नका. सपाट जागेसाठीचं सोनं एका डुकाटातून, म्हणजे सोन्याच्या नाण्यातून, शंभर पानांहून जास्त ठोकू नये, पण लोक एकशे पंचेचाळीस काढतात, अशी त्याची तक्रार आहे. अंड्याच्या बलकाबद्दल तो सांगतो की तरुण चेहऱ्यांना शहरातल्या कोंबडीचं फिकट बलक वापरा, म्हाताऱ्या आणि रापलेल्या चेहऱ्यांना खेड्यातल्या कोंबडीचं. हे मी करून पाहिलंय. सुकल्यावर फरक जवळजवळ राहत नाही, पण रंगवताना हाताला मात्र जाणवतो.

चेहऱ्यासाठी त्याची दुसरी सूचना जास्त कामाची: त्वचेखाली आधी हिरवट मातीचा थर द्या, मग त्यावर बारीक रेघांनी गुलाबी. बलकात कालवलेला रंग क्षणात सुकतो, एकात एक मिसळत नाही. छटा रेघांच्या जाळ्यानेच येते. तुम्ही डिजिटल काम करत असाल तरी मऊ ब्रश बंद करा आणि रेघांनी छटा द्या. तडे-टेक्स्चरपेक्षा याने पान कितीतरी जुनं दिसेल. ते तडे मुळात चुकीच्या जागी आहेत: तुमचे तडे रुंद आणि जाळीदार आहेत, म्हणजे कॅनव्हासवरच्या जुन्या तैलरंगाचे. बलकाच्या रंगाला असे पडत नाहीत.

एवढं करून खऱ्या सोन्याचं पान स्कॅनरवर ठेवलंत तर सोनं मातकट चॉकलेटी येतं. वर्ख आरसा आहे. स्कॅनरचा दिवा पलीकडे परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला काळोख दिसतो. पान उभं ठेवून, समोर मोठा पांढरा पुठ्ठा धरून, एका बाजूने तिरका उजेड टाकून फोटो काढावा लागतो. नक्षी दिसण्यासाठी तिरका आणि सोनं पिवळं दिसण्यासाठी पुठ्ठ्यावरून आलेला, असे दोन वेगळे फोटो घेऊन ते एकावर एक ठेवा. तरीही चार रंगांच्या छपाईत ते पिवळसर गेरूसारखंच उमटणार. माझं मत विचाराल तर मूळ चित्र खऱ्या सोन्याचं करा, एकदोनच, स्वतःच्या हाताला कळावं म्हणून. बाकीच्या पानांची पार्श्वभूमी उबदार गेरूसारखी छापा आणि जाळीची नक्षी गडद व फिकट अशा दोन रेघांनी काढा. हॉट फॉइल (गरम ठशाने दाबून चिकटवायचा सोनेरी पापुद्रा) लावायचं असेल तर ते छपाईत मिलिमीटरभर सरकू शकतं, म्हणून आकृतीभोवतीची बाह्यरेषा जाड ठेवा, फट दिसणार नाही.

मायनर अर्कानात खरी अडचण आहे, आणि ती चित्रकाराची कमी, वाचणाऱ्याची जास्त. मिलानच्या आकड्यांच्या चाळीस पानांवर प्रसंगच नाहीत. फिकट पार्श्वभूमीवर फुलापानांची वेल, आणि पाच चषकांच्या पानावर पाच चषक. बास. ही चार चिन्हं इजिप्तच्या ममलूक राज्यकर्त्यांच्या काळातल्या पत्त्यांवरून आली: चषक, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. इस्तंबूलच्या तोपकापी महालात तसा ममलूक कॅट आहे. इटलीत पोलो कुणी खेळत नव्हतं, काठ्यांचे नुसते दंड झाले. सावंतवाडीची गंजिफा पाहिली असेल तर हे तुम्हाला अनोळखी वाटणार नाही. दशावताराच्या कॅटात दहा रंग, प्रत्येकी बारा पानं. राजा आणि प्रधान चित्रातले, उरलेल्या दहा पानांवर त्या अवताराचं चिन्ह मोजून. परशुरामाच्या पानांवर परशू. मोजणीच्या पानावर गोष्ट सांगायची नसते, हा नियम तिथेही आहे. वेळ काढून एकदा सावंतवाडीला जा आणि चितारी एवढ्याशा गोलात चिन्हं कशी बसवतात ते बघा. दहा चिन्हं गर्दी न करता मांडणं ही कला तुम्हाला चाळीस वेळा लागणार आहे.

पण आपल्याकडे टॅरो वाचणारे १९०९ च्या चित्रांवर शिकलेत, त्यांना पाच चषकांवर काळ्या झग्यातला दुःखी माणूस हवा असतो. नुसते चषक दिले तर निम्मे लोक कॅट परत करतील. मधला रस्ता आहे, आणि तो मध्ययुगातूनच जातो. लिंबूर्ग बंधूंनी बेरीच्या ड्यूकसाठी १४११ ते १४१६ मध्ये काढलेलं आणि नंतर दुसऱ्या चित्रकारांनी पुरं केलेलं प्रार्थनापुस्तक फ्रान्समध्ये शांतिईला आहे. त्यातली बारा महिन्यांची चित्रं, नांगरणी, पेरणी, द्राक्षतोडणी, डुकरं चारणं, शेकोटीशी बसणं, ही नाण्यांच्या आणि दंडांच्या पानांसाठी खाणच आहे. लोम्बार्दीतच चौदाव्या शतकाच्या शेवटी आरोग्यावरची सचित्र हस्तलिखितं निघाली, त्यांत बाजार, भाजीचे वाफे, चीज करणारा माणूस, पाहुणचार, निजलेली माणसं सगळं आहे. चषकांसाठी तिथे जा. तलवारींसाठी जर्मनीत हायडलबर्गला असलेल्या मानेसे हस्तलिखितातले सरदार घ्या, एकशे सदतीस चित्रं आहेत. रोजच्या कामातला प्रसंग घ्या आणि पाच चषक त्याच्या वर, वेलीत अडकवल्यासारखे मांडा. म्हणजे मोजायला चषक आहेत आणि बघायला माणूसही.

आकड्यांच्या पानांवर चित्रं काढायची कल्पनाही स्मिथची पहिली नाही. १४९१ च्या आसपासचा सोला-बुस्का हा कोरून छापलेला कॅट पूर्ण अठ्ठ्याहत्तर पानांचा आहे आणि त्याच्या आकड्यांच्या पानांवर आकृत्या आहेत. त्याची छायाचित्रं १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आली. हृदयात घुसलेल्या तीन तलवारींचं स्मिथचं पान त्यातूनच आलंय, हे दोन्ही शेजारी ठेवले की सांगावं लागत नाही. मॉर्गन-बेर्गामोच्या कॅटात गहाळ असलेली तलवारींची तिर्री त्या मूळ पानावरून करा. आज तो कॅट मिलानच्या ब्रेरात आहे.

वाचनाला चालेल का? चालेल की. पण मूळ पानं भविष्यासाठी नव्हती, हे मनात स्वच्छ असू द्या. तो पत्त्यांचा खेळ होता: एकवीस पानं कायमची हुकमाची, वेडा कुठल्याही हातावर टाकून सुटता येईल असा. १४४० मध्ये आंगियारीच्या जुस्तो जुस्ती या नोटरीने असा कॅट सरदार सिजिस्मोन्दो मालातेस्तासाठी फ्लोरेन्समध्ये साडेचार डुकाटांना करून घेतल्याची नोंद आहे. टॅरोचा आजवर सापडलेला सर्वांत जुना उल्लेख तोच. १४५० च्या डिसेंबरात फ्रांचेस्को स्फोर्झाने खजिनदाराला पत्र लिहून उत्तमातले उत्तम कॅट मागवले, ते खेळायलाच. अठराव्या शतकाआधी टॅरोवर पद्धतशीर भविष्य सांगितल्याचा पुरावा मिळत नाही. टॅरो इजिप्तच्या पुरोहितांकडून आला ही कथा कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने १७८१ मध्ये पॅरिसला रचली, तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणाला वाचताही येत नव्हती. वाचनाला याने काही बिघडत नाही. वाचणारा समोरच्या चित्रावरून बोलतो. फक्त खोक्यावर 'मध्ययुगीन गूढविद्येचा ठेवा' असलं काही छापू नका. जाणकार हसतील, आणि बाकीच्यांना तुम्ही खोटं सांगितलेलं असेल.

शेवटी मापाचं. मिलानची पानं साधारण १७३ बाय ८७ मिलिमीटरची, म्हणजे उंची रुंदीच्या जवळजवळ दुप्पट. आज छापखाने ज्याला टॅरोचं माप म्हणतात ते ७० बाय १२०. जुनी मांडणी १२० उंचीत बसवली की रुंदी साठच्या आसपास येते आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर उरतात. आकृती रुंदीत ताणून ते भरू नका, लांब सडपातळ बांधा हाच त्या चित्रांचा डौल आहे. सोन्याची जाळी बाजूंना वाढवा किंवा साधी किनार द्या. चित्र दीडपटीने मोठं काढा, छापताना रेघा आपोआप बारीक होतात. पण चेहऱ्याची रेघ छापल्यावर अर्ध्या पॉइंटच्या खाली जाणार नाही हे बघा, नाहीतर डोळे गायब होतात. मॅट लॅमिनेशनवर गडद निळ्यात बोटांचे ठसे राहतात, म्हणून निळ्या झग्यांचं एक पान चाचणीत घ्याच. छपाईआधी चारच पानांचा नमुना काढून घ्या: नशिबाचं चाक, काळाचा म्हातारा, पाच चषक आणि एखादी राणी. ते चार पत्ते आठवडाभर पिसा, दुसऱ्यांच्या हातात द्या, ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या बल्बखाली बघा. नाव नसताना बघणाऱ्यांपैकी कुणालाही म्हातारा कोण आहे ते ओळखता आलं नाही, तर छापखान्याला थांबवा आणि त्याच्या हातातलं वाळूचं घड्याळ मोठं करा.